कळसूबाईच्या एकदिवसीय चढाईविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंचीचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी अशा ठिकाणांहून आमच्याकडे चौकशी करणारी मंडळी बहुधा सर्वांत आधी "आम्हाला जमेल का?" असे विचारतात. चालण्याची सवय असलेल्या निरोगी माणसाला हे शिखर जमते. परंतु माथा गाठण्यापेक्षा उजेड असताना, पाय शाबूत ठेवून पायथ्याशी परत येणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि आमचे सर्व नियम त्याच एका गोष्टीसाठी आखलेले आहेत.

श्रमाचा अंदाज देवगिरीवरून घेता येईल. देवगिरीचा डोंगर भोवतालच्या सपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे, तर पायथ्याच्या बारी गावापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत ८०० मीटरहून अधिक चढावे लागते. म्हणजे एकाच सकाळी देवगिरी चार वेळा चढण्याएवढी ही चढण आहे. म्हणून नोंदणी केल्यावर निदान महिनाभर संभाजीनगरची गोगाबाबा टेकडी किंवा आपल्या गावाजवळचा एखादा डोंगर आठवड्यातून दोन-तीनदा चढून उतरावा. येथे उतरण्याचा सराव चढण्याइतकाच आवश्यक आहे. चढताना दम लागतो आणि थांबले की तो जिरतो; उतरताना मात्र प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना अंगाचा भार रोखून धरावा लागतो, ते थकले की गुडघ्यावर ताण येतो, आणि घसरून पडण्याचे प्रसंगही अशाच थकलेल्या पायांवर ओढवतात. सपाट रस्त्यावरचे फिरणे कितीही केले, तरी उतरणीची ही तयारी त्यातून होत नाही.

आमची गाडी संभाजीनगरच्या क्रांती चौकातून रात्री दीड वाजता निघते, माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गाला लागते आणि इगतपुरी, घोटीमार्गे पहाटे बारीला पोहोचते. चहा घेऊन साडेसहाच्या सुमारास चढाई सुरू होते. चढायला तीन ते चार तास आणि उतरायला सुमारे तीन तास लागतात. सकाळी साडेअकरापर्यंत जो जेथे पोहोचला असेल, तेथून तो आमच्या सहकाऱ्यासोबत परत फिरेल, मग माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरीही. हा नियम काहींना कठोर वाटतो, पण तो आम्ही कोणासाठीही शिथिल करत नाही. रात्रभराचा प्रवास केलेल्या माणसाला उतरणीच्या शेवटच्या तासात अंधारात पाऊल टाकायला लावणे आम्हाला मान्य नाही. याच कारणाने परतीच्या प्रवासासाठी दुसरा चालक ठेवलेला असतो.

वाट भातखाचरांतून निघून डोंगराच्या सोंडेवर चढते. जेथे कातळ उभा आहे, तेथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिडी चढताना आणि उतरतानाही तोंड कातळाकडेच असावे. पाठ टेकवून जिन्यासारखे उतरू नये, कारण टाच पायरीवरून निसटली तर धरायला समोर काहीच उरत नाही. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी शिडीवर टेकलेले असावेत, मोबाइल खिशात नव्हे तर पाठपिशवीत असावा, आणि पुढचा माणूस शिडी सोडेपर्यंत मागच्याने वाट पाहावी. शिड्यांइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक त्रास घसाऱ्याच्या वाटेवर होतो, जेथे सुट्या मातीवरून आणि खड्यांवरून पाय सरकतो. तळ झिजलेले बूट आणू नयेत, तसेच कोरे करकरीत बूटही त्याच दिवशी प्रथम घालू नयेत.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना माथ्यावरच्या गारव्याचा अंदाज नसतो. हा माथा संभाजीनगर शहरापेक्षा हजार मीटरहून अधिक उंच असल्याने तेथील हवा सहा-सात अंशांनी थंड असते, आणि घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. त्यामुळे एक कोरडा सदरा आणि वारा अडवणारे जाकीट आणावे. प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतः वाहावे. माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, तथापि तिच्यावर विसंबू नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ हा शिधा उत्तम टिकतो. क्षारसाखरेची (ओआरएस) पाकिटे आम्ही देतो, आणि दुपारचे जेवण बारीतील एका घरी असते.

आमच्या मते ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सप्टेंबरमध्ये सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले उतार फार सुंदर दिसतात, म्हणून पावसाळ्यातही आम्ही जातो. मात्र शनिवार-रविवारी शिड्यांपाशी गर्दी तुंबते आणि ओल्या लोखंडावर ताटकळावे लागते, त्यामुळे त्या महिन्यांत फक्त आठवड्यातील इतर दिवस घेतो. मार्चच्या मध्यानंतर चढाई बंद असते. विजांचा धोका मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना वेगळा सांगायला नको. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या ही विजेच्या वेळी थांबण्याची जागा नव्हे, त्यामुळे गडगडाट ऐकू येताच सर्वांना खाली आणले जाईल. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर लावू नये आणि कोठेही धूर करू नये.

माथ्यावर कळसूबाई देवीचे लहान मंदिर असून नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी असते. कळसू नावाची कोळी समाजातील मुलगी भांडी घासायला न सांगण्याच्या अटीवर एका घरी कामाला राहिली आणि ती अट मोडली गेल्यावर डोंगरावर निघून गेली, अशी कथा येथे सांगतात. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि दक्षिणेकडे १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय दिसतो. हे धरण प्रवरेवर आहे आणि प्रवरा पुढे प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. कळसूबाईच्या उतारावरचा पाऊस असाच वाहत पैठणच्या नाथसागरात येतो आणि तेथून आपल्या नळांना. म्हणून या डोंगरावर प्लास्टिकचा एकही तुकडा मागे राहू नये, याविषयी आम्ही आग्रही आहोत. प्रत्येकाला कचऱ्याची पिशवी दिली जाईल आणि गाडीत बसण्यापूर्वी ती परत घेतली जाईल. हा परिसर अभयारण्यात मोडतो, हेही ध्यानात असावे.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे आणि डॉक्टरांचा सल्ला लेखी आणावा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना आम्ही नेत नाही. हवामान बिघडल्यास सहल रद्द झाल्याचे आदल्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत कळवले जाईल आणि पूर्ण रक्कम परत मिळेल. निघण्याच्या आदल्या दुपारी निदान चार तास झोप घ्यावी आणि रात्रीचे जेवण हलके असावे.