‘डामा’वर सही झाली, मग पेशंट कोणाचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर तासभर बसलं की एक शब्द कानावर पडतोच : डामा. ‘सात नंबरचा डामा चाललाय’, ‘त्यांनी रात्रीच डामा घेतला’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेणं, या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. काही ठिकाणी त्यालाच लामा म्हणतात.

माझ्या मामांचा डामाचा कागद अजून आमच्या घरात आहे. मामा पारोळा तालुक्यातले, कापूस लावणारे, वय ६४. छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, ईसीजीत झटका दिसला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं आणि दुखणं थांबलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेणारी तपासणी, करायची ठरली. ज्यांच्या नावावर मामा दाखल होते ते हृदयरोगतज्ज्ञ गावातले, अँजिओ करणारे दुसरे आठवड्यातून दोनदा बाहेरून येणारे. ते आले, फाईल चाळली, ‘ब्लॉकेज असणार, लागलंच तर आजच स्टेंट टाकू’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी.) मामा पलंगावर उठून बसले आणि एकच वाक्य धरून बसले : ‘माले घर लई चला.’

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये दोन्ही डॉक्टरांची जुंपली. एक म्हणत होते, ‘तुम्ही दोन मिनिटं बसून समजावलं असतं तर तो माणूस तयार झाला असता.’ दुसरे म्हणत होते, ‘मी ओपिनियन द्यायला आलो. पेशंट तुमचा, ॲडमिशन तुमचं.’ कागदावर मात्र सगळं स्वच्छ होतं : ‘पेशंटच्या जिवाला असलेल्या धोक्याची पूर्ण कल्पना आम्हाला दिली आहे. आम्ही स्वखुशीने घेऊन जात आहोत. पुढे काही झाल्यास डॉक्टर व हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही.’ खाली निळ्या बॉलपेननं मामेभावाची सही. पूर्ण शुद्धीवर असलेल्या, स्वतःची सही करता येणाऱ्या मामांची सही त्यावर नव्हती.

असं भांडण मी नंतरही ऐकलं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही डॉक्टर मला मनापासून बोलताना दिसले. म्हणून ते कुठून आलं, हे मुळापासून बघायला हवं.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी हृदयाच्या पेशंटकडे नाकारण्यासारखं फारसं काही नव्हतं. झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, वेदना थांबवणारं इंजेक्शन, जिभेखाली गोळी. सांगणारा डॉक्टरही एकच असायचा आणि बहुधा तो घरातल्या तीन पिढ्यांना ओळखायचा. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं थेट चित्र घेण्याची पद्धत शोधली. त्याच संस्थेत १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्यानं रक्तवाहिनी उघडली, हीच अँजिओप्लास्टी. वीस वर्षांच्या आत हृदयाच्या पेशंटपुढे तीन दारं उभी राहिली, आणि प्रत्येक दारावर वेगळा डॉक्टर. तपासून गोळ्या देणारा एक, नळी घालणारा दुसरा, छाती उघडणारा तिसरा. ‘हा पेशंट कोणाचा’ या प्रश्नाचा जन्म इथला आहे.

यात गोळ्या-इंजेक्शनांची बाजू दुबळी नव्हती, हे विसरून चालणार नाही. १९८८ मध्ये आयसिस-२ हा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आलेले १७,१८७ पेशंट त्यात होते. नुसत्या ॲस्पिरिननं पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिल्यावर ४२ टक्क्यांनी. कॅथलॅब, म्हणजे अँजिओ करायची सोय, नसलेल्या तालुक्याच्या गावाला या आकड्यांनी बळ दिलं. धडगाव-अक्कलकुव्याकडून सातपुडा उतरून येणाऱ्या माणसाला वेळेत फुगा मिळणं कठीण, पण इंजेक्शन आणि गोळी मिळू शकते. माझा सगळा मुद्दा या आकड्यांवर उभा आहे, म्हणून ते लक्षात असू द्या.

आता कायद्याकडे. डॉक्टरच्या जबाबदारीवरचा आपल्याकडचा पायाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे, आणि त्यात दोन्हीकडे डॉक्टर आहेत. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्याकडे आणलं. तिथे तो दगावला. वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः डॉक्टर होते. ते कोर्टात गेले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली : केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. एकदा केस घेतली की ही तिन्ही अंगावर येतात. पण पेशंटच ‘नको’ म्हणाला तर काय, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता.

पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केलं. त्यानंतर डॉक्टरांचं लिहिणं बदललं. आमच्याकडचे जुने फिजिशियन सांगतात, पूर्वी केस पेपर औषध लक्षात ठेवायला असायचा, नंतर तो कोर्टात दाखवायला असायला लागला. डामाचा कागद या काळात ढालीसारखा पुढे आला.

पण ती ढाल नेमकी कशाची, हे २००८ च्या समीरा कोहली निकालानं दाखवून दिलं. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीनं फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीनं आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. जीव वाचवायला तातडीनं करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. शिवाय संमती देण्याआधी उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे पेशंटला पुरेसं सांगितलेलं असलं पाहिजे. शेवटचं वाक्य दोनदा वाचावं असं आहे. नाकारण्याचे परिणाम समजावणं हा संमतीचाच भाग आहे.

या निकालाच्या शेजारी मामांचा कागद ठेवून पाहा. सही मुलाची. पर्यायांबद्दल ओळ नाही. धोका ‘जिवाला’, म्हणजे नेमका कशाचा, ते नाही. खानदेशात हे सर्रास चालतं, कारण आपल्याकडे आजारी माणसाला कुणी विचारतच नाही. डॉक्टर बाहेर येऊन ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असं विचारतात आणि मोठा मुलगा, जावई, गावचा पोलीस पाटील असे चौघे पुढे होतात. प्रेमापोटीच होतं सगळं. पण ज्याच्या छातीत नळी जाणार, तो आत एकटा छताकडे बघत पडलेला असतो. त्याचा नकार हा बहुतेक वेळा न विचारल्याचा राग असतो, असं माझं मत झालं आहे.

पैशाचं कारणही होतंच, आणि मोठं होतं. १९९७ पासून गरिबांच्या मोठ्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्याची जीवनदायी योजना होती, पण तिचा लाभ मिळवायला कागद घेऊन हेलपाटे घालावे लागत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली होती : साधा ७,२६० रुपये, औषधी लेप असलेला २९,६०० रुपये, कर वेगळा. पिवळं-केशरी रेशनकार्ड असलेल्या घराला अँजिओप्लास्टी आवाक्यात आली. त्याबरोबर गुंतागुंतही वाढली. ज्या डॉक्टरनं तपासलं त्याचं हॉस्पिटल योजनेत नसलं की पेशंट दुसरीकडे जातो. तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस, कागद तपासतो, मंजुरी येते, मग तिसरेच डॉक्टर समोर उभे राहतात. यापैकी कुणालाच तो माणूस काल काय म्हणाला ते माहीत नसतं.

संशय हाही नकाराचा जुना सोबती आहे. एक डॉक्टर ‘आजच्या आज स्टेंट’ म्हणतो, दुसरा ‘गोळ्यांवर भागेल’ म्हणतो, आणि लोक लगेच ‘कट’ची, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनची, भाषा बोलायला लागतात. कट प्रॅक्टिस आहेच. २०१७ मध्ये राज्य सरकारनं तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करून घेतला, पण कायदा झाला नाही. तरी प्रत्येक मतभेद लबाडीचा नसतो. २००७ चा करेज आणि २०२० चा इस्केमिया या दोन मोठ्या अभ्यासांत असं दिसलं की दुखणं स्थिर असलेल्या बहुतेक पेशंटमध्ये गोळ्यांच्या चोख उपचारावर स्टेंट वा बायपासची भर टाकून मृत्यू काही कमी झाले नाहीत. झटका चालू असताना मात्र रक्तवाहिनी उघडणं जीव वाचवतं. हा फरक कॉरिडॉरमध्ये उभं राहून अर्ध्या मिनिटात सांगता येत नाही.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण केली. मेंदूचे सर्जन तिथे नव्हते, म्हणून त्यानं दुसरीकडे न्यायला सांगितलं होतं. राज्यभरचे निवासी डॉक्टर संपावर गेले. मारहाणीविरुद्धचा कायदा २०१० पासून होता, तो त्या रात्री कामाला आला नाही. त्या घटनेनंतर आमच्या भागातले डॉक्टर नातेवाइकांशी जपून, कमी आणि कागदावर बोलायला लागले, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. ज्याला मार खाण्याची भीती आहे, तो नाही म्हणणाऱ्या पेशंटशेजारी स्टूल ओढून कसा बसेल?

तरी जबाबदारी कुणाची याचं उत्तर डॉक्टरांच्याच आचारसंहितेत बरंचसं लिहिलेलं आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे नियम तीन आठवड्यांत स्थगित झाले. २००२ चे नियम सांगतात : पेशंट तज्ज्ञाकडे पाठवताना केसचा सारांश सोबत द्यायचा, आणि तज्ज्ञानं आपलं मत मूळ डॉक्टरला लेखी कळवायचं. तज्ज्ञाचं मत पेशंटपर्यंत पोचवणं मूळ डॉक्टरचं काम. दोघांचं अजिबात जुळलं नाही तर ते पेशंटला आणि घरच्यांना मोकळेपणानं, निःपक्षपातीपणे सांगायचं आणि तिसरं मत घ्यायला मोकळीक द्यायची. एकदा केस हाती घेतली की पेशंटकडे दुर्लक्ष करायचं नाही, आणि पुरेशी सूचना न देता केस सोडायची नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी दोघेही अर्धे बरोबर होते. अँजिओ का हवी, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरनं लिहून द्यायला हवं होतं. ते मामांच्या भाषेत मामांना सांगणं दाखल करून घेणाऱ्याचं काम होतं. आणि मामांनी नाकारली होती ती अँजिओग्राफी. ॲस्पिरिन त्यांनी नाकारलेलं नव्हतं. कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, आठ दिवसांनी परत दाखवायला येणं, यातलं काहीच त्यांनी नाकारलेलं नव्हतं. एका गोष्टीला दिलेला नकार डामाच्या छापील ओळीनं सगळ्या उपचारांना लावून टाकला. डामा झाला म्हणून डिस्चार्ज कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून गोळ्या नाहीत. जबाबदारीवर भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही लक्षात हे आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

युरोपातल्या हृदयरोग आणि हृदयशस्त्रक्रिया संघटनांनी २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ‘हार्ट टीम’वर जोर दिला : गुंतागुंतीच्या केसमध्ये गोळ्या देणारा, नळी घालणारा आणि छाती उघडणारा यांनी एकत्र बसून ठरवायचं. जिथे एक तज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो आणि सर्जन नाशिकला किंवा सुरतला असतो, तिथे एका टेबलाभोवती बसणं रोज जमणार नाही. फोन जमतो. केस पेपरवर दोघांच्या हातची एकेक ओळ जमते. पेशंट आणि दोघेही डॉक्टर एका वेळी एका खोलीत, दहा मिनिटं, हेही जमतं.

मामा घरी आल्यावर चौथ्या दिवशी मामींनी गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. ते बीएएमएस आहेत, तीस वर्षं गावातच. त्यांनी आधी विचारलं, ‘गोळ्या कोणत्या दिल्या?’ आम्ही डामाचा कागद पुढे केला. तो वाचून त्यांनी बाजूला ठेवला, ज्यांच्या नावावर मामा दाखल होते त्या हृदयरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि ते सांगत गेले तशी पाच औषधं लिहून घेतली. मग खाटेवर मामांजवळ बसून म्हणाले, ‘अँजिओ नाही केली, ते तुमच्या मर्जीवर. या गोळ्या का घ्यायच्या ते मी सांगतो. काय नाही पटलं ते मलाच सांगा, पोराला नाही.’ त्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं होतं : ‘अँजिओला रुग्णाचा स्वतःचा नकार. बाकी उपचार चालू.’ खाली मामांची सही घेतली होती, थोडी वाकडी, पण पूर्ण नावाची.