वळणावर फूटरेस्ट रस्त्याला का टेकते?

सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना एखाद्या वळणावर मोटारसायकलचे फूटरेस्ट रस्त्याला घासून खर्रकन आवाज आला, की नागपुरातल्या काही तरुण मंडळींना ती फुशारकीची बाब वाटते. प्रत्यक्षात त्या आवाजावरून चालकाच्या कौशल्याविषयी फारसे कळत नाही, गाडीच्या मोजमापाविषयी मात्र बरेच कळते.

वळणावर गाडी किती कलवावी लागेल, हे मुख्यतः वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की कलाच्या कोनाचा टॅन मिळतो. या सूत्रात वजन कुठेच नाही. म्हणून हलकी गाडी आणि भारदस्त बुलेट एकाच वेगाने त्याच वळणावरून गेल्या, तर दोघींना जवळपास सारखेच कलावे लागते. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 30 किलोमीटरला सुमारे 20 अंश, 40 ला 32 अंश आणि 50 ला जवळजवळ 45 अंश कल लागतो. टायरला रुंदी असल्याने प्रत्यक्षातला कल याहून थोडा जास्तच असतो.

आता फूटरेस्टचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून 35 सेंटिमीटर बाहेर आणि जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच आहे असे धरू. ढोबळ हिशेबाने ते 40 अंशांच्या आसपास टेकेल. परंतु डबलसीट बसल्यावर मागचे शॉकअप दबतात, शिवाय 40 अंशांच्या कलात चाकांवरचा एकूण भार सरळ चालतानाच्या भारापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो आणि सस्पेन्शन आणखी खाली बसते. एवढ्याने उंची 4 सेंटिमीटर जरी घटली, तरी टेकण्याचा कोन 37 अंशांच्या खाली येतो. आपल्याकडे आणखी एक भर असते: साडी नेसून एका बाजूने बसणाऱ्या स्त्रियांसाठी डावीकडे लावलेले लेडीज फूटरेस्ट. साइड स्टँडही डावीकडेच असतो, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याच्या आपल्या पद्धतीमुळे चौकातले डावे वळण उजव्यापेक्षा आखूड असते. म्हणजे जिकडे अधिक कलावे लागते, नेमका तिकडेच लोखंडाचा पसारा जास्त.

आधी काय टेकते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. बिजागरी आणि स्प्रिंग असलेले फूटरेस्ट रस्त्याला लागताच वर दुमडते आणि चाक जमिनीवरच राहते. अशा फूटरेस्टच्या टोकाखाली काही गाड्यांत मुद्दाम एक छोटा बोल्टही लावतात, म्हणजे घासायचे ते त्यानेच आधी घासावे. याउलट अनेक साध्या गाड्यांत चालकाचे फूटरेस्ट इंजिनाखालच्या आडव्या दांड्यावर पक्के बसवलेले असते. ते, किंवा स्टँड, सायलेन्सर, लेग गार्ड यांपैकी काही जोरात टेकले, तर पहारीसारखे काम करून चाकावरचा भार उचलते, टायरची पकड सुटते आणि गाडी क्षणात आडवी होते. पडल्यामुळे वाकलेले फूटरेस्ट पाइप घालून अंदाजाने सरळ करून घेणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे, कारण टोक थोडे खाली राहिले तरी वरचा सगळा हिशेब बदलतो.

रस्त्याची पकड हा वेगळाच भाग आहे. घर्षणांक म्हणजे टायर-रस्त्याच्या पकडीचे माप; कलाच्या कोनाचा टॅन त्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. तो 0.8 धरला, तर 39 अंशांपर्यंत कलता येते. ओल्या रस्त्यावर तो 0.5 झाला, तर मर्यादा 27 अंशांवर येते. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात भिजते, किंवा सिमेंट रोडच्या कडेला बारीक वाळू पसरलेली असते, तेव्हा फूटरेस्ट रस्त्यापासून बरेच वर असतानाच चाक सरकू शकते आणि आवाजाची कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. मोटोजीपीचे शर्यतपटू 60 अंशांहून अधिक कलतात ते खास रबराच्या, तापवलेल्या टायरांच्या जोरावर.

हे शर्यतपटू शरीर वळणाच्या आतल्या बाजूला काढून बसतात, कारण त्यामुळे एकत्रित गुरुत्वमध्य आत सरकतो आणि तेच वळण गाडीला कमी कलवून घेता येते. फूटरेस्टवर पायांनी जोर दिल्याने गुरुत्वमध्य खाली जातो, ही समजूत मात्र चुकीची आहे. गुरुत्वमध्य कुठे असेल हे वस्तुमान कुठे आहे त्यावर ठरते, भार कुठून दिला यावर नाही. उलट फूटरेस्टवर उभे राहिल्यास तो वरच जातो.