दगडाखालच्या तीन शेपट्या: मेफ्लाय की टाचणी?

पाऊस ओसरून सह्याद्रीतले ओढे निवळले की दगड उलटून काढलेले फोटो फिरायला लागतात. खाली ठरलेली ओळ: "तीन शेपट्या, म्हणजे मेफ्लाय, म्हणजे पाणी स्वच्छ." मेफ्लाय हा लहानपणी पाण्यात वाढणारा कीटक. आणि फोटोत पुष्कळदा असतं टाचणीचं, म्हणजे चतुराच्या जातकुळीतल्या सडपातळ कीटकाचं, पिल्लू! टाचण्यांच्या कितीतरी जाती संथ, मळक्या पाण्यातही सुखाने नांदतात. त्यांच्या जिवावर नदीला स्वच्छतेचा दाखला दिलेला मला सहन होत नाही.

उडणारी टाचणी सगळेच ओळखतात. मोठी झालेली मेफ्लायही चुकत नाही: शिडासारखे उभे पंख, मागे लांब धागे, निकामी तोंड, बहुतेकदा दोनेक दिवसांचंच आयुष्य. घोळ होतो तो पाण्याखाली.

शेपट्या मोजू नका, त्या कशा आहेत ते बघा. टाचणीच्या पिल्लाची ती शेपटी नव्हेच. पोटाच्या टोकाला बहुतेकदा तीन चपटी, शिरा असलेली पानं असतात आणि ते त्याचे कल्ले. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना रांगेने असतात. मागे निघतात ते नुसते केसासारखे धागे. मोजणं दोन्हीकडून फसतं: काही मेफ्लायना धागे दोनच, आणि टाचणीचं एखादं पान झटापटीत तुटून गेलेलं असतं.

मी गळाची पेटी उघडण्याआधी पांढऱ्या वाटीत ओढ्याचं पाणी घेतो आणि पिल्लू त्यात सोडतो. टाचणीचं पिल्लू सापासारखं डावी-उजवीकडे वळवळत जातं. मेफ्लायचं पोहणारं पिल्लू अंग वर-खाली मारत सुळकन निसटतं, आणि थांबलं की कडेचे कल्ले थरथरताना दिसतात. मासा फसवायला दोरीला कुठली नकली माशी बांधायची आणि ती कशी ओढायची, हे मी यावरून ठरवतो.

टाचणीचं पिल्लू शिकारी. डोक्याखाली घडी घालून ठेवलेला ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडतं. मेफ्लायची बहुतेक पिल्लं दगडावरचं शेवाळ आणि कुजका पाचोळा खातात. दोघांनाही "अळी" म्हणू नका. अळीचा पुढे कोष होतो, यांचा होत नाही.

आणि खरीखुरी मेफ्लाय सापडली तरी लगेच निकाल देऊ नका. तिच्याही काही जाती घाण सोसतात. खळाळत्या पाण्यातले पाच-सहा दगड बघा. दगडाला चिकटून खेकड्यासारखी आडवी सरकणारी चपटी मेफ्लाय दिसली, तर मी त्या पाण्यावर भरवसा ठेवतो. बघून झालं की दगड होता तसाच, ओली बाजू खाली करून ठेवा. ती पिल्लं अजून तिथेच चिकटलेली असतात.