मध रवाळ झाला, मग फसवलं कुणी?

महाबळेश्वरहून मे महिन्यात आणलेली मधाची बाटली डिसेंबरात तळाशी पांढरट, रवाळ दिसू लागते आणि घरात निकाल लागतो: 'साखरेचा पाक विकला लेकाच्यांनी!' फटका बसतो तो डोंगरातल्या मधपाळाला. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून पुढे आणलं. मधमाश्यांच्या पेट्या पाहायच्या, जंगल पाहायचं आणि मध तिथेच विकत घ्यायचा, अशी ही कल्पना. पण घरी गेलेला पर्यटक महिन्यांनी रवाळ बाटली पाहून बिथरला, तर तो परत येत नाही.

आधी हिशेब. मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17 टक्के पाणी असतं. म्हणजे 100 ग्रॅम पाण्यामागे ग्लुकोज 182 ग्रॅम. खोलीच्या तापमानाला तेवढ्या पाण्यात एकटं ग्लुकोज साधारण 90 ग्रॅमच विरघळतं. फ्रुक्टोजची विरघळण्याची ताकद पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि मधात ते सव्वादोनशेच असतं, म्हणून ते निवांत राहतं. ग्लुकोजला मात्र बाहेर पडायला निमित्त हवं असतं. खडीसाखरेला दोरा लागतो, तसा इथे परागकण, मेणाचा कण किंवा हवेचा बुडबुडा पुरतो. 14 अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात वेगाने घडतं. त्याहून गार केलं तर मध इतका घट्ट होतो की रेणूंना सरकताच येत नाही.

आता ग्लुकोजला पाण्याने भागा. भागाकार 2.1 च्या वर गेला तर मध लवकर रवाळ होतो, 1.7 च्या खाली असेल तर बहुधा पातळच राहतो. वरच्या मधाचा 1.82 येतो, म्हणजे सावकाश. त्याच मधात पाणी 20 टक्के धरा: 1.55. हा मध रवाळ होणार नाही, गिऱ्हाईक खूश होईल, आणि काही महिन्यांत तो आंबेल. साखर पचवणारं यीस्ट 17 टक्क्यांखाली हतबल असतं, 20 च्या पुढे त्याला मोकळं रान. रवाळ मधालाही हा धोका आहेच. स्फटिकात ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचा एकच रेणू अडकतो, विरघळलेलं असताना त्याने याहून जास्त पाणी धरून ठेवलेलं असतं. ते सुटतं, वरचा थर पातळ होतो आणि फेस तिथूनच सुरू होतो.

म्हणून खरी परीक्षा पेटीपाशी होते. आपल्या सातेरी माशीच्या मधात पाणी मुळातच जास्त असतं. पोळ्यातली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय चौकट (पोळं बांधलेली लाकडी चौकट) पेटीतून काढू नये. पेटीच्या खालच्या कप्प्यात अळ्या असतात, म्हणून फक्त वरच्या मधकक्षातल्या, म्हणजे मध साठवायच्या कप्प्यातल्या, चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढावा. पोळं पिळलं की अळ्यांतलं पाणी आणि ढीगभर पराग मधात उतरतो: आंबण्याची आणि रवाळ होण्याची, दोन्ही सोय एकदम. मधातलं पाणी मापायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून पाणी सांगणारं उपकरण) पुरतो. देशातली मर्यादा 20 टक्के पाणी ही आहे. पावसाळ्यात वसाहतींना साखरपाणी द्यावंच लागतं, पण फुलोरा सुरू होण्याआधी ते थांबवलं नाही, तर माश्या तोच पाक मधकक्षात भरतात. तेव्हा भेसळ न करताही भेसळ होते.

इथे गावाचं झाडांचं ज्ञान कामाला येतं. कोणत्या फुलाचा रस, त्यावर ग्लुकोजचं प्रमाण ठरतं. उत्तरेतला मोहरीचा मध म्हणूनच पटकन लोण्यासारखा होतो. महाबळेश्वरच्या जंगलात गेळा, जांभूळ, हिरडा एकामागून एक फुलतात. पावसाळ्याच्या शेवटी कारवी, पण ती आठ वर्षांतून एकदाच, आणि वेगवेगळ्या खोऱ्यांत वेगवेगळ्या वर्षी. कोणता उतार कधी फुलला होता, हे तिथल्या माणसाला पाठ असतं. ते फुलोऱ्याचं वेळापत्रक हाताशी असेल तर जांभळाचा मध हिरड्यात मिसळण्याआधी काढता येतो, आणि बाटलीवर फूल, ठिकाण आणि महिना खरा लिहिता येतो. पर्यटकाला कारवीच्या वर्षी यायला सांगता येतं, ते वेगळंच.

पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कुत्र्यापुढे ठेवणं या परीक्षा मात्र विसरा. दाट पाकही पाण्यात तळाशी जातो. आणि रवाळ झाला म्हणून मध शुद्धच, असंही नाही. ग्लुकोजचा पाक मिसळलेला मधही गोठतो. हे पटवायचं तर बाटलीच्या चिठ्ठीवर दोन ओळी छापाव्यात: रवाळ झाल्यास झाकण सैल करून 40 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात बाटली उभी ठेवा, अधूनमधून हलवा. थेट गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात नको, सुगंध उडतो. आंबूस वास आणि फेस असेल, तर बाटली परत आणा.