चार महिन्यांच्या पाण्यातले पाणभुंगेरे

जुलैत पावसाने जरा उघडीप दिली की कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, खळग्यांत साठलेलं पाणी निवळशंख होतं. अशा एखाद्या परातीएवढ्या खळग्याशी पोटावर आडवं व्हावं, आपली सावली पाण्यावर पडणार नाही एवढं सांभाळावं आणि अजिबात हलू नये. थोड्याच वेळात तळाच्या शेवाळातून चवळीच्या दाण्याएवढा काळसर भुंगेरा वर येतो. डोकं खालीच ठेवतो, शेपटाचं टोक तेवढं पाण्याला टेकवतो आणि क्षणभर थांबतो. मग मागच्या केसाळ पायांचा एकच फटकारा, की गेला तळाला. जाताना शेपटाशी हवेचा बुडबुडा चांदीच्या मण्यासारखा चमकतो.

हा पाणभुंगेरा. त्याचं कुळ डायटिसिडी. ‘बुडी मारणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं. जगात याच्या ४,००० हून जास्त जाती आहेत. सर्वांत लहान जेमतेम मिलिमीटरभर, तर ब्राझीलचा मेगाडायटिस ड्युकॅलिस ४७ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या जवळपास. पाण्यात राहणारे दुसरेही भुंगेरे आहेत, त्यामुळे गल्लत होते. हायड्रोफिलिडी कुळातले भुंगेरे दिसायला असेच, पण ते हवा घ्यायला डोक्याकडून वर येतात आणि पोहताना पाय आळीपाळीने मारतात. आपला पाणभुंगेरा शेपटाकडून वर येतो आणि मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, होडीची दोन वल्ही एकत्र पडावीत तसे.

त्या बुडबुड्याची करामत मला अजूनही थक्क करते. भुंगेऱ्याची श्वसनछिद्रं पाठीवर, कडक पंखांच्या खाली असतात. वर आल्यावर तो या पंखांखालच्या पोकळीत ताजी हवा भरून घेतो. पाणबुड्याची टाकी आणि ही शिदोरी यांत एक मोठा फरक आहे. टाकीतला प्राणवायू संपतो तो संपतोच. इथे मात्र बुडबुड्यातला प्राणवायू कमी होऊ लागला की भोवतालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू आपोआप आत शिरतो, आणि श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो. म्हणजे बुडबुडा कल्ल्याचंच काम करतो. अडचण नायट्रोजनची. तो हळूहळू पाण्यात निघून जातो, बुडबुडा आक्रसत जातो आणि भुंगेऱ्याला पुन्हा वर यावं लागतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि भुंगेऱ्याची गरज मात्र वाढते. त्यामुळे उन्हाने कोमट झालेल्या डबक्यात त्याच्या खेपा वाढतात.

या भुंगेऱ्याच्या अळीचा जबडा तर पाहण्यासारखा: विळ्यासारखा वाकडा, आणि आतून नळी. भक्ष्याला पकडलं की या नळीतून पाचकरस आत सोडायचा आणि आतला भाग पातळ झाला की शोषून घ्यायचा. डासांच्या अळ्या, बेडूकमासे, चतुरांची पिल्लं, काहीही चालतं. इंग्रजीत या अळीला ‘पाण्यातला वाघ’ म्हणतात ते उगाच नाही. पूर्ण वाढ झाल्यावर ती काठावर येते, ओल्या मातीत छोटीशी कोठडी करते आणि तिथेच कोश होते. म्हणजे पाण्याइतकाच काठही हवा.

पण सड्यावरचं पाणी टिकणार ते पावसाळ्यापुरतं. मग हे जीव येतात कुठून आणि जातात कुठे? उत्तर त्या कडक पंखांखाली घडी करून ठेवलेल्या पातळ पंखांत आहे. बहुतेक पाणभुंगेरे चांगले उडतात. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या लहरी बहुतांशी आडव्या पातळीत कंप पावतात. आपल्याला ते कळत नाही, भुंगेऱ्याच्या डोळ्यांना कळतं. तीच त्याच्यासाठी पाण्याची खूण. फसगतही त्यामुळेच होते. गाडीचं चकचकीत टप, शेतावर अंथरलेलं काळं प्लास्टिक, काच यांवरूनही प्रकाश तसाच परततो आणि भुंगेरा पाणी समजून त्यावर झेपावतो.

तात्पुरत्या पाण्यात एरिटीस प्रजातीचे भुंगेरे वाकबगार. ते आपल्याकडेही सापडतात. डबकं आटायच्या आत त्यांना अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास उरकावा लागतो. अमेरिकेच्या वाळवंटी भागात याच प्रजातीचे भुंगेरे एका आटत्या तळ्यातून एकाच वेळी थव्याने उडून गेले, अशी नोंद १९८५ साली प्रसिद्ध झाली.

याच्या अगदी उलट कथा पश्चिम ऑस्ट्रेलियाची. लाखो वर्षांपूर्वी तिथला प्रदेश कोरडा पडत गेला, तेव्हा काही पाणभुंगेरे जमिनीखालच्या चुनखडीतल्या पाण्यात उतरले. अंधारात डोळे गेले, उडायचे पंखही गेले. चुनखडीचा एकेक पट्टा दुसऱ्यापासून तुटलेला, म्हणून जवळपास प्रत्येकात वेगळी जात. रखरखीत माळाखाली असे आंधळे पाणभुंगेरे आहेत, हे जगाला कळलं विसाव्या शतकाच्या अखेरीस.

आपल्या पायाखालीही न पाहिलेलं बरंच आहे. कोपिलेटस या प्रजातीच्या तीन नव्या जातींचं वर्णन २०१८ साली महाराष्ट्रातून झालं. कुठल्या दुर्गम बेटावरून नव्हे, आपल्याच राज्यातून! म्हणून सड्यावर माती ओतून आंबा-काजूच्या बागा उठतात, चिरेखाणीसाठी कातळ कापला जातो, तेव्हा ‘पडीक जमीन कामाला आली’ हे वाक्य मला खुपतं. कातळावरचा परातीएवढा खळगा महसुली कागदावर कुठेच नसतो. भुंगेऱ्याच्या, बेडकाच्या आणि चतुराच्या पिल्लांचं मात्र पावसाळ्यातलं सगळं जग त्यात असतं.

पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटवर आपटून एखादा गुळगुळीत, चपटा, होडीसारखा भुंगेरा फरशीवर पडला, तर त्याचे मागचे पाय पाहावेत. चपटे आणि केसांची झालर असलेले असतील आणि त्याला धड चालता येत नसेल, तर तो बहुधा पाणभुंगेराच. चिमटीत घट्ट धरू नये. तो चावू शकतो, शिवाय उग्र वासाचा स्राव सोडतो. कागदाच्या तुकड्यावर घ्यावा, अंगणातला दिवा मालवावा आणि जवळच्या डबक्यात सोडावा. पाण्याला टेकताच मघाचे ते निकामी वाटलेले पाय एकदम फटकारा मारतात.