सौंदर्यस्पर्धा, मुंबईतील

तरुण स्त्रियांचे रूप, चालणे-बोलणे व हजरजबाबीपणा यांची परीक्षकांसमोर रंगमंचावर होणारी चढाओढ. चित्रपट, जाहिरात आणि स्त्रियांची नियतकालिके या तीन धंद्यांच्या आधाराने ती मुंबईत वाढली. शरीर दाखवणे नियमाने सक्तीचे आणि लैंगिक आयुष्य नियमानेच वर्ज्य, ही पुढे तिची ओळख बनली. सुरुवात मात्र अशी नव्हती.

पहिली ‘मिस इंडिया’ कोण, याविषयी एकमत नाही. बहुतेक याद्यांत १९४७ सालापुढे प्रमिला (एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम) हे नाव आढळते. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातली ही अभिनेत्री तोवर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्थिरावली होती. विवाहित होती, मुलांची आई होती. विजेतीला जागतिक स्पर्धेत पाठवणे ही कसोटी लावली, तर मान १९५२ च्या इंद्राणी रहमान यांच्याकडे जातो. पहिल्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत त्या भारतातर्फे उतरल्या. ही दुसरी कसोटी अधिक ग्राह्य वाटते. पण कोणतेही मत धरले तरी एक गोष्ट बदलत नाही: नृत्यांगना इंद्राणीही विवाहित व एका मुलीची आई होती. म्हणजे स्पर्धक अविवाहित आणि मूल नसलेली असावी, ही अट येथील परंपरेने घातलेली नसून बाहेरून आली असावी. १९५७ मध्ये ‘मिस यूएसए’ लिओना गेज विवाहित आणि दोन मुलांची आई असल्याचे उघड होताच तिचा किताब काढून घेण्यात आला. तेव्हा १९५२ ते १९५७ या काळात अट पक्की झाली, असे मानायला हरकत नाही. प्रमिलाची मुलगी नकी जहाँ हिने १९६७ मध्ये किताब मिळवला, तोवर हा नियम अंगवळणी पडला होता.

‘फेमिना’ या स्त्रियांच्या नियतकालिकाची स्पर्धा १९६४ पासूनची, पहिली विजेती मेहेर मिस्त्री (नंतर कॅस्टेलिनो). ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी रीटा फारिया १९६६ मध्ये लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाली. तिथे तिला पोहण्याच्या पोशाखासाठी आणि साडी नेसून सायंपोशाखासाठी, अशी दोन्ही उपबक्षिसे मिळाली. पुढे तिने डॉक्टरकीच केली.

स्पर्धकाकडून लेखी करार घेतात: अविवाहित, मूल नाही, पूर्वी नग्न छायाचित्रण केलेले नाही, किताबाच्या वर्षात लग्न करणार नाही. प्रशिक्षणाच्या मुक्कामात लक्ष ठेवायला सोबतीण असते. ‘मिस युनिव्हर्स’ने विवाहित स्त्रिया व मातांना २०२३ पासून प्रवेश दिला, ‘मिस वर्ल्ड’साठी मुंबईतून होणाऱ्या निवडीत जुनी अट टिकून आहे. गंमत अशी, की १९९४ साली मनिलात ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत सुश्मिता सेनने जिंकून देणारे उत्तर दिले ते मातृत्वावर.

रंगमंचावर काय आणि किती दिसावे, हे इंचाइंचाने ठरते. स्विमसूटच्या मागच्या काठाखाली चिकट स्प्रे मारतात, नाहीतर चालताना कापड वर सरकते. गळ्याला आतून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावतात. तेलकट किंवा घामट त्वचेवर ती धरत नाही आणि मुंबईच्या दमट हवेत पहिला घोटाळा इथेच होतो. म्हणून त्या जागी मॉइश्चरायझर टाळून स्पिरिटने पुसून घेतात. गाऊनची लांबी मंचावर घालायची हील पायात असतानाच कापावी, पुढची कड जमिनीपासून अर्धा इंच वर. हील काठात अडकली की वळणावर तोल जातो. सॅश (खांद्यावरून तिरका घेतलेला नावाचा पट्टा) दोन्ही टोकांना टाचतात. ठरल्यापेक्षा इंचभर जास्त दिसले, की मघाचा आत्मविश्वास दुसऱ्या दिवशी ‘अंगप्रदर्शन’ होतो.

‘मिस इंडिया’ मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या बुटांच्या विवस्त्र जाहिरातीवर १९९५ मध्ये मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. निर्दोष सुटायला २००९ उजाडले. १९९६ च्या बंगळूरच्या ‘मिस वर्ल्ड’ला संस्कृतिरक्षक आणि स्त्रीवादी संघटना दोघांचा विरोध होता, परस्परविरुद्ध कारणांनी. स्विमसूट फेरी सेशेल्सला हलवण्यात आली. पुढे ‘मिस वर्ल्ड’ने ही फेरीच बंद केली, मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालेली अंतिम फेरी तिच्याविनाच पार पडली.

मराठी स्पर्धांत स्विमसूटची जागा नऊवारीने घेतली आहे. हाताने नेसायला दुसरे माणूस आणि वेळ लागतो, दोन फेऱ्यांमध्ये तो नसतो. म्हणून शिवलेली नऊवारी वापरतात. ती पटकन चढते, पण बैठकीच्या अदेला कासोट्याची शिवण ताणते. आतून पट्टी लावून घेतलेली बरी. कलागुण फेरीत लावणीला पसंती असते. फडावरच्या कलावंतिणीची जी अदा ‘चांगल्या घरातल्या’ मुलींना वर्ज्य होती, तिलाच इथे गुण मिळतात. मात्र ओळख करून देताना स्पर्धक कथक किंवा भरतनाट्यमचे शिक्षण आधी सांगते.