विमानावरील हिमसंचय आणि हिवाळी उड्डाण

विमानाचे पंख, शेपटी, इंजिने किंवा संवेदक यांवर दहिवर, हिम वा बर्फ साचणे म्हणजे हिमसंचय. तो उंचावरच्या ढगांतही होतो. पण जमिनीवर साचलेला थर घेऊन उडणे विशेष घातक. वेग आणि उंची दोन्ही कमी असताना वैमानिकाला सावरायला वावच उरत नाही.

धोका बर्फाच्या वजनाचा, असे सहज वाटते. बिघडतो तो मुख्यतः पंखाचा आकार. मध्यम सँडपेपरइतका जाड व खरखरीत थरही उत्थापक बल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. स्टॉल, म्हणजे पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन फार वाढून उत्थापक बल एकाएकी ढासळणे, नेहमीपेक्षा कमी कोनात होतो. इशारा यंत्रणा मात्र स्वच्छ पंखाच्या हिशेबाने बसवलेली असते. म्हणून पंख पूर्ण स्वच्छ असल्याशिवाय उड्डाण नाही, हा नियम.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळले; पुलावरच्या चौघांसह ७८ जण दगावले. पंखांवर हिम होतेच, शिवाय इंजिनांची हिमरोधक यंत्रणा बंद होती. दाबसंवेदक गोठल्याने मापके प्रत्यक्षाहून जास्त शक्ती दाखवत राहिली. आकडे पटत नसल्याचे सहवैमानिकाने धावतानाच बोलून दाखवले होते, तरी उड्डाण थांबले नाही. कॅनडातील ड्रायडन येथे १९८९ साली अडचण वेगळीच होती: सहायक वीजसंच नादुरुस्त, इंजिने बंद केली तर पुन्हा सुरू करण्याची सोय नाही आणि चालू इंजिनांसह डीआयसिंगला (द्रव फवारून बर्फ काढण्याला) कंपनीची मनाई. फवारणीविनाच उडालेल्या त्या विमानातील २४ जण मरण पावले.

डीआयसिंगमध्ये गरम ग्लायकॉलमिश्रित द्रव फवारून बर्फ काढतात. नंतर घट्टसर द्रवाचा थर देतात. तो नवे हिम रोखतो आणि धावताना वाऱ्याने निघून जातो. हे संरक्षण ठरावीक वेळच टिकते. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९९२ साली फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटे थांबून निघालेले विमान कोसळले. २७ जणांचा मृत्यू झाला.

तापमान शून्याच्या वर असतानाही टाकीतल्या थंडगार इंधनामुळे पंखावर पारदर्शक बर्फ धरतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून उडालेल्या एमडी-८१ विमानाच्या पंखांवरून असाच बर्फ सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेला. विमान शेतात उतरवावे लागले, तुटले; सर्व १२९ जण वाचले. हा बर्फ नजरेला सहसा दिसत नाही, त्यामुळे पंखाला हात लावून तपासणी करावी लागते.